जिनातली बोली

माझे यजमान नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की होळीपर्यंत यंत्रांची घरघर थांबत नसे. तिथे तोंडाने बोलून उपयोग नव्हता, म्हणून कामगारांनी आपली वेगळीच बोली केली होती. थोडे हातवारे, बाकी एकमेकांचे ओठ वाचायचे. मिशीला पीळ दिला की समजायचं, शेठ आले.

घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस आणि हातात तीच बोली. नवी नवरी होते मी. वाटायचं, बाई गं, मुक्याशी गाठ बांधली की काय! आणि तोंड उघडलं तर असं, की शेजारीण भांडण सोडवायला धावत यायची.

पण गहू निवडताना मी माहेरची गाणी म्हणू लागले, की हाच माणूस उंबऱ्यात येऊन बसायचा. कधी 'छान' म्हणून म्हटलं नाही. हातातला चहा मात्र थंड व्हायचा. किती गोड दिवस होते ते!

म्हातारपणी त्यांच्या कानांतून आधी चिमण्या गेल्या, मग माझा आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने कान आतून झिजलेत, ते आता भरून येणार नाहीत. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं. त्यातून बोलणं कळतं, पण गाणं म्हणे पत्र्यावर खडे पडल्यासारखं लागतं. मी गाणंच सोडलं. ऐकणारा नाही, तर गायचं कोणासाठी?

परवा मी सुपात गहू घेऊन बसले होते आणि दारावरून वरात चालली होती. डीजेने खिडक्या थरथरत होत्या. यजमानांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि गळ्याला बोट लावून हनुवटी उडवली. म्हणजे, गा.

मी चिडलेच. "तुम्हाले काय ऐकू येते? मलेच माह्यं ऐकू येऊन नाही राह्यलं!"

त्यांनी खुर्ची ओढत माझ्यासमोर आणली आणि जिनातल्या आवाजात ओरडले, "ऐकाले कोण म्हणते वं? इकडे तोंड कर!"

त्या दणदणाटात मी गायले. ते माझ्या ओठांकडे बघत होते. डोळे भरून आले माझे, कसंबसं गाणं आटोपलं आणि सुपाकडे वळले.

वरात पुढे गेली. त्यांनी माझ्या हातातलं सूप धरलं.

"मधलं एक कडवं खाल्लं तू," म्हणाले.