वर ऑफिस, खाली बुटीक

औरंगपुऱ्यात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस वरच्या मजल्यावर आणि सरांच्या पत्नी नीलाताईंचं बुटीक खाली. जिना एकच, त्यामुळं फजितीही दोघांची मिळून! अशा गोष्टी चारचौघांत सांगायच्या नसतात, म्हणूनच त्या साठत जातात. आज बसलोच आहोत तर ऐका.

*

तेव्हा शहराभोवती कारखाने वाढत होते आणि कारखानदारांच्या घरची लग्नंही. ताईंना मकबऱ्याची जाळी, वेरूळचे खांब, सगळं कपड्यांवर हवं असायचं. ते काढून द्यायचा मिलिंद, आमच्या ऑफिसातला तरुण आर्किटेक्ट.

एकदा गडबडीत ब्लाउजच्या पाठीचं ड्रॉइंग साइटवर गेलं. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टर कागद घेऊन वर आला.

"साहेब, कमान लई भारी हाय. पण ह्या दोन नाड्या कुठं बांधायच्या?"

समोर कारखान्याचे मालक चहा पीत बसलेले!

*

मग ताईंनी घुमटाचा घागरा केला. आत वेताचा सांगाडा. हॉटेलात फॅशन शो, आणि घागरा घातलेली मुलगी स्टेजच्या दारातच अडकली! शेवटी तिला तिरकी करून ओढून काढली.

मॅनेजर चिडून म्हणाले, "किस गधे ने बनाया ये दरवाजा?"

सर खाली बघत म्हणाले, "चौकशी करतो."

हॉटेल आम्हीच डिझाइन केलं होतं.

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात शहर अचानक बंद व्हायचं. एकदा शटर अर्धं ओढून आम्ही खाली बुटीकमध्ये बसलो होतो. बाहेर पळापळ झाली तसे सर कपड्यांच्या रॅकमागं गडप. हवालदार वाकून आत शिरला आणि अंधारात दिसलेल्या पुतळ्यावर ओरडला, "हात वर!"

पुतळ्यानं ऐकलं नाही. सरांनी ऐकलं. डोक्यावर अडकलेली नवरीची ओढणी तशीच, दोन्ही हात वर करून ते बाहेर आले.

"बसा बाई, घाबरू नका," हवालदार म्हणाला.

मिलिंद त्या दिवशी मोर्चात होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सांगितलं तेव्हा तोही हसला, पण जरा कमीच.

*

एका कारखानदाराच्या बायकोला मुलीच्या लग्नाच्या शेल्यावर अजिंठ्याच्या छताची नक्षी हवी होती. मिलिंद तिकडं जाऊन राहिला, कमळं आणि हंस काढून घेऊन आला. भरतकाम झालं. ट्रायलला मुलगी आरशासमोरून हलेना. बाईंनी कौतुकानं मिलिंदला वरून बोलावून घेतलं.

"लग्नाला यायचंच हं! पत्रिकेवर नाव काय घालू?"

मिलिंदनं आडनावासकट सांगितलं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही... त्या मोर्चावाल्यांतले?"

"हो."

बाई ताईंकडं वळल्या. "काम सुरेख झालंय हो. पण मंगलकार्य आहे, घरात मोठी माणसं आहेत. नक्षी तेवढी उसवून द्या."

"आई!" मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस."

सर जिन्यात होते, ते तिथंच थांबले. ताईंनी शेला टेबलावर पसरला आणि कात्री उचलली. पहिल्याच हंसापाशी कात्रीचं टोक टाक्याऐवजी कापडात रुतलं.

मिलिंद पुढं झाला.

"इकडं द्या ताई. कापड फाटंल."