पुलावरची टकटक

मला धुळ्याला नोकरी लागली त्याच आठवड्यात पप्पांनी गाडी विकायला काढली. तसा दोन्हीचा काही संबंध नव्हता, पण मला जाम राग आला! नोकरी बियाण्यांच्या कंपनीत, खेड्याखेड्यांत फिरायचं, आणि मी मनातल्या मनात आमची छोटी पांढरी गाडी कधीच धुळ्याला नेऊन उभी केली होती.

विकायचं कारण आवाज. गाडी चढाला लागली की बोनेटखालून टक टक टक टक, पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा. पप्पांचा निकाल तयार होता, "इंजिन गेलं. उघडायला लागलं तर खर्च मी करणार नाही." वर अजून, "तू चालवायला शिकलीस तेव्हापासूनच येतोय." आई म्हणायची पेट्रोलमध्ये भेसळ. मी म्हणायचे आधी दाखवू तर! पण चोपड्याचं एक गिऱ्हाईक ठरलं होतं. त्याला पप्पांनी फोनवर "इंजिन एकदम मक्खन" सांगून रविवारी या म्हणून शब्द दिला होता. आणि पप्पा दिलेला शब्द फिरवत नाहीत, अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

म्हणजे माझ्या हातात फक्त शनिवार.

सकाळीच गाडी चाचांकडे नेली. चाचा आमचे जुने मेकॅनिक, माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. "तेही हेच सांगतील बघ" म्हणत पप्पा आले, आणि मला धुळ्याला न्यायला आलेली अक्काही आली. अक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण. गाडी कुठंही निघाली की तिला बसायचंच असतं.

चाचांनी इंजिन चालू करायला लावलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आवाजच नाही! रेस दिली, तरी नाही. डॉक्टरसमोर खोकला गायब होतो ना, तसं.

"कब आता है आवाज?"

"सावद्याहून केळी आणताना," पप्पा म्हणाले. "डिक्कीत घड असतात, आम्ही सगळे असतो."

"मग भाऊ, रिकामी गाडी काय बोलणार? लोड टाका. आणि चढाव पाहिजे."

आता जळगावात चढ आणायचा कुठून? सगळं ताटासारखं सपाट! आमचा घाट म्हणजे रेल्वेवरचा पूल. घरी जाऊन केळीचे दोन घड डिक्कीत टाकले, कुकरची शिट्टी व्हायच्या आत आईला उचललं, तरी लोड कमी वाटला म्हणून तिसरा घड माझ्या मांडीवर. पुढे पप्पा आणि चाचा, मागे आम्ही तिघी.

"कोणी बोलायचं नाही," चाचा म्हणाले. आई आणि अक्का मागच्या सीटवर, आणि बोलायचं नाही! पण दोघी खरंच गप्प बसल्या.

पप्पांनी नेहमीसारखं केलं. पूल यायच्या आधीच चौथा टाकला. "लवकर वरचा गिअर टाकायचा, पेट्रोल वाचतं," हे त्यांनी मलाही शिकवलेलं. गाडी चढाला लागली, गचके द्यायला लागली आणि... टक टक टक टक! मला एवढा आनंद झाला की मी टाळी वाजवली आणि घड खाली पडला.

"आता बेटा चालवेल," चाचा म्हणाले. "दुसऱ्यात घे."

पप्पा मागे माझ्या जागी बसले आणि मी वळसा घालून परत आले. दुसऱ्यात घेतली, इंजिन जरा ओरडलं, पण टकटक नाही. कान देऊन बसलो, नाहीच. मी जिंकले असं वाटून मागे बघतेय तोवर चाचा म्हणाले, "आता तू पण चौथ्यात घे." घेतली. टक टक टक टक! तेच शेंगदाणे!

चाचा हसले. "पाठीवर पोतं आहे अशा माणसाला लांब ढांगा टाकायला लावल्या, तर गुडघे वाजणारच ना, भाऊ? खालचा गिअर टाका."

मागून अक्का तिच्या अहिराणीत, "गाडी तं चांगली शे, हाऊ डायव्हरच खराब शे!"

गॅरेजवर चाचांनी प्लग काढले, काळे झाले होते, ते साफ केले. "इंजिन उघडायची काही गरज नाही," म्हणाले. परत येताना पप्पांनी पुलावर गुपचूप दुसरा टाकला. आम्ही सगळे बघत होतो आणि कोणीच बघत नव्हतो.

पण शब्द दिलेला! संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी त्यांनी फोन लावला.

"हां भाऊ, एक सांगायचं राहिलं. गाडीत आवाज येतो. हो, चढावर. चौथ्यात... कसा म्हणजे?" पप्पांनी दाराकडे पाठ केली. "टक टक टक टक." समोरच्याला ऐकू गेलं नसावं, कारण मग जोरात, "टक टक टक टक! नको म्हणता? नाही नाही, तुमचा राग नाही, लपवणं बरं नाही म्हणून सांगितलं."

मी उशीत तोंड खुपसून हसत होते. फोन ठेवून त्यांनी किल्ली माझ्यापुढे टाकली.

"चढाला दुसरा टाकशील."

"हो पप्पा."

"आणि उताराला न्यूट्रल करायची, पेट्रोल वाच..."

"आता तू तिले काही शिकाडू नको!" अक्का म्हणाली आणि किल्ली तिनेच उचलली.