हडळीच्या खुणा

लग्न होऊन आष्ट्याला आले तेव्हा मी साताऱ्याची मॅट्रिक झालेली मुलगी होते आणि सासरी हे मी कुणाला विसरू देत नव्हते. घरात दुसरं एकही बाईमाणूस अक्षर वाचणारं नव्हतं. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. पेरणी तोंडावर आली की सोप्यात बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला बायका बसायच्या. बियाण्याची शेंग हातानंच फोडायची. दाण्याचं लाल साल दुखावलं की तो उगवत नाही. पहिल्याच दुपारी माझे अंगठे सोलवटले आणि मी मनातल्या मनात आईबापांना शिव्या घातल्या.

नवरा सांगलीला हळदीच्या पेढीवर कारकून होता. शनिवारी घरी येताना तो वाचनालयातून माझ्यासाठी भुताखेतांच्या कादंबऱ्या आणायचा. एकदा मी दोन पानं मोठ्यानं वाचली, तर बायकांचे हात भराभर चालायला लागले. दाणे तोंडात टाकायचंही त्या विसरल्या. सासूनं, तिला मी आत्ती म्हणायचे, हे बरोब्बर हेरलं. तू वाच, तुझ्या वाटणीच्या शेंगा आम्ही फोडतो, असं तिनं जाहीर केलं. झालं! मी पाटावर, बाकीच्या खाली घोंगड्यावर. थोरली जाऊ त्यावरून कुरकुरायची, पण ऐकायला सगळ्यांत पुढं तीच.

उंबऱ्याच्या बाहेर एक बाई बसायची. जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा कळप घेऊन बाहेर आणि ही आमच्या उसाच्या बांधावर खोपटात. दोन वर्षांमागं आमच्याच गुऱ्हाळावर काहील उतरवताना उकळता रस तिच्या तोंडावर उडाला होता. डावी पापणी गळून गेली होती, तो डोळा मिटत नसे. ओठ ओढलेला, त्यामुळं चहा बाहेर सांडायचा. म्हणून ती चौघींसमोर काही खायची-प्यायची नाही. कप घेऊन गोठ्यामागं जायची. शेंगा मात्र तिच्याइतक्या जलद कुणीच फोडत नव्हतं. आणि गोष्ट ऐकताना ती एवढी रंगायची की पदर तोंडावरून घसरला तरी तिला भान नसायचं.

त्या आठवड्यातली कादंबरी डोंगरावरच्या एका बंगल्याची होती. धुकं, बंद खोली, नोकरीला आलेली एक तरुण मास्तरीण आणि बंगल्यात वावरणारं काहीतरी. सोमवारी ते काहीतरी दाराशी आलं आणि पान उलटलं तर पुढं पानंच नव्हती. कुणा मेल्यानं शेवटची सगळी फाडून नेली होती. बायका वाट बघत होत्या. पुस्तक संपलं म्हणाले असते, तर आत्तीनं तिथंच शेंगांचं सूप माझ्यापुढं सरकवलं असतं. मी नजर पानावर ठेवली आणि मनानं सांगायला सुरुवात केली.

दार उघडलं. दारात एक बाई उभी होती. ती कशी दिसत होती, ते सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. मी वर बघितलं आणि नजर उंबऱ्याबाहेर गेली. "तिचा एक डोळा मिटत नव्हता," मी म्हणाले. "झोपेतसुद्धा तो उघडा असे. ती कुणादेखत अन्न खात नसे. हडळच ती. तान्ह्या लेकरांवर तिची नजर. तिची वेणी कापली की मगच धरलेलं लेकरू सुटायचं."

शेंगा फुटायचा आवाज थांबला. एकेक मान दाराकडं वळली. खोटं कशाला बोलू, मला त्या शांततेचं सुख झालं. छापलेल्या शब्दांनी असं कधी झालं नव्हतं. त्या बाईनं पदर पुढं ओढला आणि खाली मान घालून शेंगा फोडत राहिली.

मंगळवारी सकाळी जावेचं सहा महिन्यांचं पोरगं अंगावर पिईना. रडून रडून निळं पडत होतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं कान दुखतोय म्हणून कानात थेंब घातले आणि धीर धरा म्हणून सांगितलं. धीर कुणाला होता? शनिवारी जाऊ पाण्याला गेली तेव्हा पोराला कुणी घेतलं होतं, ते शेजारणीला आठवलं. कुणी घेतलं असणार! रडतंय म्हणून ती उंबऱ्याबाहेरची बाईच उचलून बसली होती.

दुपारी ती नेहमीसारखी कामावर आली. आत्तीनं तिला पहिल्यांदाच सोप्यात बोलावलं. ती आत येऊन बसली तशी शेजारणीनं मागं दाराला कडी घातली. जाऊ पोर मांडीवर घेऊन हुंदके देत होती आणि आत्तीच्या गुडघ्याशी विळा होता.

आत्तीनं मला पुस्तक आणायला सांगितलं. "तेवढंच परत वाच," ती म्हणाली. "काय करायचं लिवलंय ते नीट कळू दे."

मी शेवटचं पान उघडलं. तिथं मास्तरीण कंदील घेऊन जिना चढत होती आणि काहीतरी दाराशी आलं होतं, एवढंच होतं. ती बाई माझ्याकडं बघत होती. बाकीच्याही बघत होत्या.

"आत्ती, हे पुस्तकात नाही," मी म्हणाले. "पानं फाटलीत. मी मनानं सांगितलं."

मग जाऊ म्हणाली, "भ्याली ती. हिच्या म्होरं कशी वाचंल?"

सगळ्यांना ते पटलं. आत्तीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि भिऊ नगंस, आमी हाय न्हवं, असं मायेनं म्हणाली. मी पुस्तक पुढं केलं. पण दाखवणार कुणाला? त्यांना कोरी बाजू आणि छापलेली बाजू, एवढाच फरक कळत होता. नवरा यायला चार दिवस होते.

अजून एकदा बोलता आलं असतं. ओरडता आलं असतं. उठून तिच्या शेजारी जाऊन बसले असते तरी पुरे होतं. पण माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते सांगते. यांना खरं पटलं तर हडळीचं नाव घरात मीच काढलं म्हणून जावेच्या पोराचं खापर माझ्यावर फुटणार. मग पाट गेला, मान गेला, साताऱ्याची मॅट्रिक गेली आणि जन्मभर खोटारडी हे नाव. मी तोंड शिवून बसले. कादंबऱ्यांतल्या राक्षसांना निदान रक्ताची भूक असते. मला फक्त पाटावर बसायचं होतं.

शेजारणीनं त्या बाईचा दंड धरला. सवाशीण बाईची वेणी कापायची म्हणजे जिवंत नवऱ्याचं वाईट चिंतणं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. म्हणून विळा हातात घ्यायला कुणीच पुढं होईना. जाऊ तर म्हणाली, मी लेकुरवाळी, माझ्या हातून नको. आत्तीही विळ्याकडं बघत राहिली.

तेव्हा त्या बाईनं दंड सोडवून घेतला आणि स्वतःच विळा उचलला.

"वैनी खरं बोलल्या," ती म्हणाली. "पर लेकरू पितंय का बघा."

पुस्तकात ते नाही, हे माझं बोलणं खरं मानणारी तिथं ती एकटी होती. तिची वेणी कमरेपर्यंत होती, तेल लावून घट्ट घातलेली. चटक्यातून तिचे केस तेवढे वाचले होते. विळ्याला ती लगेच तुटली नाही. तिनं तीन-चार वेळा ओढलं, तसं डोकं मागं गेलं आणि न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी आलं. वेणी जावेपुढं ठेवून तिनं दाराची कडी काढली आणि गेली. तिच्या वाटणीच्या शेंगा सुपात अर्ध्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी पोरगं प्यायला लागलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, दुसरं काय! थेंबांचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी बांधावरचं खोपटं रिकामं दिसलं. नवऱ्याच्या मागं गेली की जतला, कुणी विचारायला गेलं नाही.

शुक्रवारी जावेनं मला देवापुढं बसवलं. हळदकुंकू लावलं, खण-नारळ हातात घेतला. वर्षभर माझ्याशी धड न बोललेली ती बाई रडत होती.

"तुझ्यामुळं माझं लेकरू ऱ्हायलं," ती म्हणाली.

तिनं माझी ओटी भरली आणि मी पदर पसरला.