दत्ताने हाक दिली तेव्हा

त्या हिवाळ्यात आमची प्लाटून उत्तर सीमेवरच्या एका उंच चौकीवर होती. मी नायब सुभेदार, घर नौपाड्यात. हवालदार दत्ता भोईर माझ्या हाताखालचा सेक्शन कमांडर, घर माजिवड्याच्या मागच्या गावात. दोघेही ठाण्याचे, म्हणून बाकीचे आम्हाला एकाच आळीतले समजत.

दत्ता बटालियनच्या व्हॉलीबॉल टीमचा सेटर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला बोटांनी बॉल उचलून देणारा. रजेवर गेला की पाहुणेरावळे सोडून सकाळी सहाला गावच्या मैदानावर शाळेच्या पोरांना घेऊन उभा राही. तीच ड्रिल तो बेस कॅम्पला आमच्याकडूनही करून घेई. "बारा वर्षांच्या पोरीला जमतं, साहेब. आता तुमचं बघू," असं तोंडावर म्हणे. पहिले दोन आठवडे बॉलच नाही. नुसतं गुडघे वाकवून बाजूला सरकायचं. मग भिंतीवर बोटांनी पन्नास सेट. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. इतक्या चिकाटीने शिकवणारा माणूस मी फौजेतही दुसरा पाहिला नाही.

त्याची लाडकी ड्रिल हाकेची. बॉल मुद्दाम दोघांच्या मधे टाकायचा. ज्याला आधी दिसला त्याने "माझा" म्हणून हाक द्यायची. मग दुसऱ्याने, तो कितीही जवळ असो, मागे व्हायचं आणि कव्हर द्यायचं, म्हणजे पहिल्याच्या हातून निसटलेला बॉल उचलायला तयार राहायचं. आमच्यात ही ड्रिल हमखास फसे. जवान माझा मान राखून बॉल मला सोडत, आणि मी त्यांच्याकडे बघत राही. बॉल मधेच पडे. दत्ता एकदा वैतागला.

"साहेब, बॉलला तुमची रँक दिसत नाही."

त्याने महिनाभर रोज वीस मिनिटं मला ती ड्रिल करायला लावली. मला राग आला होता, पण ड्रिल अंगात भिनली.

त्या दिवशी सकाळी सातला आम्ही आठ जण पुढच्या चौकीवर रसद घेऊन निघालो. नऊ वाजून दहा मिनिटांनी सिपाही महेश बर्फाच्या फटीत पडला. पाठीवरचं ओझं नीट करायला त्याने क्षणभर दोराची कडी सोडली होती. खालून त्याचा आवाज येत होता. मी रेडिओ सेट उचलून मागच्या चौकीला कळवलं.

"अल्फा, एक जवान फटीत. जिवंत आहे. बाहेर काढतोय. ओव्हर."

"रॉजर. घाई नको. ओव्हर."

कोणीतरी खाली उतरायला हवं होतं. पार्टी कमांडर मी. मी कमरेला कडी अडकवायला घेतली. तेवढ्यात शेजारून दत्ता म्हणाला, "माझा."

मोठ्याने नाही, नेहमीच्याच आवाजात. मी मागे झालो. विचार केलाच नाही, पाय आपणहून मागे गेले. त्याचा दोर कमरेभोवती घेऊन मी बर्फात टाचा रोवून बसलो.

नऊ पन्नासला महेश वर आला. पाय मोडला होता, पण शुद्धीत होता. दत्ताला ओढायला घेतलं आणि समोरची कड कोसळली. दोर तुटला नाही. त्या दोराच्या मागाने आम्ही फावड्यांनी खणत गेलो. दत्ता सापडला तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्याचा श्वास थांबला होता.

चौकशीत विचारलं, कमांडर असून तुम्ही का उतरला नाहीत? मी म्हणालो, "दोर सांभाळायला अनुभवी माणूस लागतो, सर." उत्तर मान्य झालं. माझं मन मात्र मला खात राहिलं. मी उतरलो असतो तर दत्ता घरी गेला असता, एवढंच डोक्यात होतं.

निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी त्याच्या गावच्या मैदानावर असतो. पहिल्यांदा गेलो तो त्या चौकशीनंतरच्या रजेत. वाटलं होतं मैदान रिकामं असेल. सहाला चौदा पोरं भिंतीवर सेट मारत होती. शिकवणारं कोणी नाही. सातवीतली तन्वी मोजत होती, आणि चुकलेला स्वतःहून पहिल्यापासून सुरू करत होता. मला त्या पोरांचा फार अभिमान वाटला.

तन्वीने मला दत्ताने दाखवलेल्या फोटोंवरून ओळखलं. "तुम्ही दत्तादादाबरोबर होता ना? काय झालेलं?"

चौकशीत जे सांगितलं नव्हतं ते मी त्या पोरांना सांगितलं. त्यांनाच ते कळलं असतं.

तन्वीने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे दादाने हाक दिलेली."

"दिली होती."

"मग कव्हरला कोण होतं?"

"मी."

"सोडलं नाय ना तुम्ही?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

तिने मान डोलावली. मग बॉल माझ्या हातात दिला. "दादा तिथे उभा राहायचा, नेटजवळ. तो गेल्यापासून बॉल टाकायला कोणीच नाहीये."

मी तिथे जाऊन उभा राहिलो. डोळे भरून आले होते, त्यामुळे पहिला बॉल भलतीकडेच गेला. एकही पोर हसलं नाही.