भामाबाईंची सीट

"आणि लावणार कुठे हा? माझ्या डोक्यावर?"

"गल्लीत. तुमच्या भावाच्या लग्नात मांडव घातला तेव्हा पुरली की गल्ली."

"मांडव दोन दिवसांत निघाला, भामा. हा निघेल का? ओढून आणलाय हा. गाडी म्हणू नकोस याला, गाड्या चालतात."

नवऱ्याचं, शिवराजचं, म्हणणं खोटं नव्हतं. अंबरपेठेतल्या त्यांच्या गल्लीत उभा असलेला ट्रक खरोखरच दोरखंडानं ओढून आणला होता. एकोणनव्वद सालचा 'चारशे सात' मॉडेलचा छोटा ट्रक, आखूड नाकाचा, डिझेलचा. एक दिवा गायब. दारावरची तेलुगू अक्षरं निम्मी उडालेली. हौद्यात लिंबाचा इतका पाला साचला होता की त्यातून एक रोपटं वर आलं होतं. केदार, त्यांचा मुलगा, त्या रोपट्याचा व्हिडिओ काढत होता.

"मम्मी, विंटेज आहे हा. मॅट ब्लॅक मारू, लाइट्स लावू, कॅफे. पब्लिक पागल होईल."

"यात पातेली जाणार आहेत," भामाबाई म्हणाल्या.

"आणि चालवणार कोण?" शिवराजनं विचारलं.

"मी."

यावर शिवराज हसला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी मीनाही हसली, पण तिनं निदान तोंड फिरवलं.

भामाबाई लग्नामुंजींना मोठी भांडी भाड्यानं द्यायच्या. बेगम बाजारातून एकेक करून आणलेली पातेली, पराती, झारे, भाताच्या देगी असा पसारा मागच्या खोलीत छपरापर्यंत रचलेला होता. गल्लीत त्यांना भांडेवाल्या वहिनी म्हणत. शिवराजची सरकारी नोकरी असताना हा उद्योग म्हणजे हिचा वेळ घालवण्याचा नाद होता. तो निवृत्त झाला, केदारचं काही जमेना, तेव्हा त्याच नादावर घरातली भाजी येऊ लागली. नाव मात्र नादच राहिलं.

भांडी पोचवायला ट्रॉली ऑटो करावी लागे. गेल्या लग्नसराईत बरकतपुऱ्याच्या एका मुंजीला निघालेल्या ऑटोवाल्याला वाटेत दुसरं चांगलं भाडं मिळालं. त्यानं भांडी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि निघून गेला. त्या घरी शेजारपाजारच्या कुकरांतून भात शिजवावा लागला. मुलाची आजी भामाबाईंना चारचौघांत म्हणाली, "बाई, जमत नसेल तर धंदा करू नये." भामाबाई उभ्या राहून ते ऐकत होत्या. उत्तर नव्हतं असं नाही. पण ते उत्तर तोंडानं देण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच्या गाडीचा शोध सुरू केला. नव्या गाडीचे हप्ते ऐकूनच त्या परतल्या. जामबागेतल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पातेली द्यायला गेल्या असताना मागच्या बंद छापखान्याच्या आवारात, लिंबाखाली, हा दिसला. आयुष्यभर पाठ्यपुस्तकं वाहिलेला, शहराबाहेर फारसा न गेलेला. मालकाला भंगारवाल्यानं वजनाचा भाव सांगितला होता. भामाबाईंनी त्याहून थोडा चढवला, चिटफंडातले पैसे उचलले आणि ऑटोनगरच्या मेकॅनिक ख्वाजाभाईंना आणून इंजिन दाखवलं. ख्वाजाभाईंनी पंख्याचा पट्टा हातानं ओढून इंजिन फिरवलं, तेल बोटांवर चोळलं आणि म्हणाले, "जान है आपा इसमें. बाकी मेहनत है." कारच्या लायसन्सवर हा चालवता येतो, हे भामाबाईंनी त्याआधीच विचारून ठेवलं होतं. लायसन्स होतं. फक्त कार कधी नव्हती.

नाही म्हणायला, चाकं होती एकदा. पहिल्या कमाईतून त्यांनी लूना घेतली होती. धाकटा दीर विजय ती क्लासला म्हणून घेऊन गेला. पुढे तिच्यावरूनच तो नोकरीला जाऊ लागला. नंतर मोठा ग्राइंडर घेतला. तो नणंदेच्या खानावळीत दोन दिवसांसाठी गेला आणि तिथेच म्हातारा झाला. दर वेळी शिवराजचं वाक्य तेच असे, "घरचंच तर आहे." भामाबाईंना कळायला बरीच वर्षं लागली की घरचं म्हणजे त्यांचं सोडून सगळ्यांचं.

ट्रक पुन्हा ओढत ऑटोनगरला गेला आणि भामाबाई रोज बस बदलून तिथे जाऊ लागल्या. पैशांचा मोठा घास इंजिनच्या डिझेल पंपानं घेतला, म्हणून रंग रद्द झाला. छापखान्याचा फिका निळा तसाच राहिला. गंज खरवडून तिथे लाल प्रायमरचे ठिपके दिले. हौद्याच्या कुजलेल्या फळ्यांजागी पाडलेल्या शाळेचे बाक कापून बसवले. एका फळीवर कुणीतरी कर्कटकानं बदाम कोरला होता, तो कापायचा राहून गेला. जुन्या लोखंडी खाटांच्या पाइपांचे कप्पे केले, त्यांना फाटक्या टायरचं रबर लावलं, म्हणजे देगी एकमेकींवर आपटणार नाहीत. दिवा भंगारातल्या बसचा मिळाला. तो दुसऱ्यापेक्षा मोठा होता, त्यामुळे ट्रक एका डोळ्यानं जास्त रोखून बघतोय असं वाटे.

"शकल तो पूरी डाकू की है," ख्वाजाभाई म्हणाले.

"असू दे. ट्रॉलीवाले घाबरतील."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी काळ्या धुरात दोघंही खोकत उभे होते. मग भामाबाई वर चढल्या. पाय पुढे केले, तर क्लच वीतभर लांब. बुटक्या बाईच्या मापानं कुणी ट्रक करत नाही. ख्वाजाभाईंनी उपाय काढला: पेडलांवर लोखंडी पट्ट्या जोडायच्या, सीट वर-पुढे घ्यायची आणि खाली सरकपट्टी बसवायची. "आप बैठे तो आगे, साहब बैठे तो पीछे."

भामाबाई हो म्हणणारच होत्या. तेवढ्यात शिवराजचा फोन आला. आवाजात बऱ्याच दिवसांनी गोडवा होता.

"चालू झाला म्हणे. केदार सांगत होता. हे बघ, विजयच्या बिल्डिंगचं काम चाललंय, फरशी आणायचीय. मी त्याला हो म्हटलंय. तो पाच-सहा महिने वापरेल, डिझेल त्याचं. तुझी भांडी मधूनमधून नेऊन देईल तो. तुलाही त्रास नाही."

"मला विचारलं नाहीत."

"त्यात विचारायचं काय? घरचाच तर आहे."

भामाबाईंनी फोन ठेवला. समोर ख्वाजाभाई सरकपट्टी मोजत होते.

"पट्टी नक्को, भाई. सीट इथेच वेल्ड करा. माझे पाय पोचतात तिथे."

"पक्की? फिर पीछे नै जाती, आपा. साहब के घुटने किधर जाते?"

"साहेबांचे गुडघे साहेबांकडेच राहतील."

ख्वाजाभाईंनी त्यांच्याकडे जरा बघितलं. मग काळी काच तोंडावर ओढली. ठिणग्या उडाल्या तेव्हा भामाबाईंनी पदरानं डोळे झाकले. पण हलल्या नाहीत.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी ट्रक स्वतः गल्लीत आणला. मीनाच्या कुंड्यांपाशी दोनदा मागेपुढे करावं लागलं. दारात विजय तयारच होता, हातात रिकाम्या गोण्या.

"वा, वहिनी. रंग नाही मारला? चला, आज एक फेरी होऊन जाईल." चावी त्यानं त्यांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतली आणि वर चढला.

चढला म्हणजे अर्धा चढला. स्टिअरिंग पोटात रुतलं, गुडघे त्याच्या दोन्ही बाजूंनी कानांकडे निघाले. क्लचसाठी पाय उचलला तर हॉर्न वाजला. केदारनं मोबाइल वर केला.

"व्हिडिओ बंद कर," विजय आतून म्हणाला. "वहिनी, ही सीट मागे कशी घ्यायची?"

"जात नाही."

"अडकलीय?"

"वेल्ड केलीय."

शिवराज पायरीवरून खाली आला. "कुणाला विचारून?"

"यात विचारायचं काय," भामाबाई म्हणाल्या.

"असं कुणी करतं? उद्या घरातल्या कुणाला गरज पडली तर? इतका पैसा घालून एकट्या माणसाची गाडी? उद्याच्या उद्या ऑटोनगरला नेऊन कापून घेऊ."

"न्यायला चालवावा लागेल."

विजयनं एक पाय सोडवला, मग दुसरा, आणि दाराला धरून खाली उतरला. भामाबाईंनी हात पुढे केला. त्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ ट्रककडे बघत होता, त्या एका मोठ्या दिव्याकडे. चावी भामाबाईंच्या हातात आली.

त्या घरात गेल्या, हातपाय धुतले आणि ताटं घेतली. सगळे बसल्यावर वरण वाढता वाढता, कुणाकडे न बघता, त्यांनी सांगितलं, "उद्या काचीगुड्याला साखरपुड्याची भांडी आहेत. मी पहाटे निघणार. चहा आपापला करून घ्या. केदार, यायचं असेल तर क्लीनरची जागा रिकामी आहे, पातेली उचलावी लागतील. भावजी, फरशीला ट्रॉली बघा. ट्रक मी चालवणार, आणि सीट आहे तिथेच राहणार."