बिनपरवाना ऐकणारे गृहस्थ

कारंजा लाडच्या तलावाकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक गृहस्थ रोज सकाळी कुणातरी दुःखी माणसाला सोबत घेऊन चालतात आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकतात. ते गुरांच्या दवाखान्यातील निवृत्त कंपाउंडर आहेत. माणसांच्या मनावर उपचार करण्याचा अधिकार त्यांना कोणत्या कायद्याने दिला, असे मी तहसीलदारांना दोनदा लेखी विचारले. उत्तर नाही.

हात पाठीमागे बांधून ते काट्यांच्या बाजूने चालतात आणि अधूनमधून "मंग?" एवढेच म्हणतात. इतके कमी बोलणाऱ्याचा हेतू सरळ असेल, असे मी मानत नाही.

जावई वारल्यापासून माझी मुलगी घरात एक शब्द बोलत नव्हती. ती त्यांच्याबरोबर जाऊ लागली, तेव्हा ती काय सांगते याचा जाब मी त्यांना विचारला.

"ते तिचं हाये, बाबूजी. तुमाले कायले सांगू?"

"मी तिचा बाप आहे!"

"मंग तिलेच इचारा ना."

दुसऱ्या दिवशी पुराव्यासाठी, आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन, मी बाभळीआड उभा राहिलो. ती बोलत येत होती. त्यांनी मला पाहिले असावे, कारण ते लगेच म्हणाले, "ताई, आता जराक मुक्यानंच चालू."

हे पुरावा दडवणे नव्हे तर काय?

मी लंगडत घरी आलो. मुलगी सुई घेऊन माझ्या पायाशी बसली.

"बाबा, बाभळीमांगं उभं राहाचं असन, तं चपला तं घालत जा."

मी तिसरा अर्ज लिहायला घेतला आहे. पाच महिन्यांतले तिचे घरातले हे पहिले वाक्य त्यात कोणाच्या बाजूने नोंदवावे, ते ठरत नाही.