नजरेनं हाकणारा कुत्रा
शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली की मला भाऊजींची शिट्टी आठवते. सेलूजवळच्या कृषी मेळाव्यात मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा होती आणि बहिणीच्या या नवऱ्यानं खास त्यासाठी विलायती कुत्रा घेतला होता, शाम्पूचा भपकारा मारणारा. मेंढ्या एका मेंढपाळाच्या होत्या आणि त्या चालायच्या कळपापुढच्या शेळीच्या घंटीमागं. त्या शेळीनं पाहुण्यांचा झेंडूचा हार खाल्ला, म्हणून संयोजकांनी तिला नेमकं मेंढ्या कोंडायच्या कुंपणातच बांधलं. भाऊजींनी शिट्टी फुंकली. कुत्र्यानं मंडपाच्या खांबाशी तंगडी वर केली. तेवढ्यात घंटी वाजली आणि मेंढ्या धुरळा उडवत सरळ कुंपणात शिरल्या. परीक्षकांनी टाळ्या पिटल्या, भाऊजींना शिल्ड दिली. “भाऊजी, मेंढ्या शेळीच्या मांगं गेल्या न!” मी म्हटलं. “तुले कुत्र्यातलं काय समजते? तो नजरेनं हाकून राह्यलता!” आज तो नजरवाला सोफ्यावर लोळतो आणि मांजर दिसलं की पलंगाखाली शिरतो. यंदाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून भाऊजींनाच बोलावलंय. शिट्टी त्यांच्याकडे आहेच. शेळीचं तेवढं संयोजकांनी बघावं.